धाब्यावरून ऐकलेला तमाशा



मागं एका बचत गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, "तुमच्यापैकी यात्रेतला, तंबूतला तमाशा कोणी कोणी पाहिला आहे?" वीस-बावीस बाया बसल्या होत्या. एकीचाही हात वर झाला नाही. मग मी विचारलं, "बरं, ऐकला आहे कोणी?" तेव्हा मागं भिंतीला टेकून बसलेल्या चार म्हाताऱ्यांनी एकमेकींकडं पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि हसायला लागल्या. हळूहळू चारही हात वर झाले.

आजचं माझं बोलणं त्या चार हातांबद्दल आहे. आपल्या आज्यांनी, मावश्यांनी तमाशा पाहिला नाही, पण ऐकला. मीही तसाच ऐकला. आणि ज्या बाईचा आवाज ऐकला, तिला दुसऱ्या दिवशी जवळून पाहिलं. ती गोष्ट मी आजवर अर्धीच सांगत आले. आज पूर्ण सांगते.

आमचं गाव घाटावरचं, मेहकर तालुक्यातलं, पैनगंगेच्या अंगाला. आपल्या बुलडाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग आपण मानतो, आणि करमणुकीतही तो फरक होता. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावं मुंबई-नागपूर रेल्वेवर. खामगावला तर कापसाच्या व्यापारासाठी १८७० सालीच जलंबहून रेल्वेचा फाटा नेला. जुन्या संगीत नाटक कंपन्या पडदे, पेट्या, पोशाख सगळं घेऊन रेल्वेनं फिरायच्या, त्यामुळं त्यांचा मुक्काम रेल्वेच्या गावी. घाटावर आजही रेल्वे नाही. आमच्याकडं करमणूक यायची ती पायी, बैलगाडीनं, आणि नंतर ट्रकनं. पहाटे वासुदेव, सुगीत बहुरूपी आणि रायरंद, लग्नानंतर गोंधळी, आणि वर्षातून एकदा, चैत्रातल्या यात्रेला, तमाशाचा फड.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. दुष्काळी कामावर खडी फोडून बायांच्या हाताला पडलेले घट्टे अजून गेले नव्हते. दुष्काळात यात्रेला तमाशा आणलाच नव्हता. त्या साली ज्वारी बरी झाली, म्हणून पंचांनी फडाला सुपारी दिली.

दुपारी दोन ट्रक आले. आम्ही पोरं मागं धावलो. नदीकडच्या पडीक रानात गड्यांनी खुंटे ठोकले, दोर ताणले, कनाती लावल्या. लाकडी फळ्यांचा बोर्ड उभा केला. तमाशातली माणसं रंगमंचाला बोर्डच म्हणतात. मागं कलावंतांसाठी दोन राहुट्या टाकल्या. संध्याकाळी दिव्यांच्या माळा लागल्या आणि जनरेटर धडधडायला लागला. आमच्या गावात तेव्हा घरोघर वीज नव्हती. एका रात्रीसाठी तो तंबू म्हणजे गावातलं सगळ्यात उजेडाचं घर झालं.

त्या घरात बाईनं जायचं नाही. तशी पाटी कुठं लावली नव्हती. पाटी लावावी लागते कुठं? माहीतच असतं. "तमाशाले कोणती बाई जाते का?" एवढंच म्हणायचे. बोर्डावर उभ्या होत्या त्याही बायाच, हे कोणाच्या मनात यायचं नाही.

आमची घरं धाब्याची. वर मातीचं सपाट छप्पर, उन्हाळ्यात सगळं घर तिथंच झोपायचं. पुरुष तंबूत गेले की गल्लीतल्या बाया एकेक करून आमच्या धाब्यावर यायच्या, कारण आमचं घर नदीच्या बाजूला, सगळ्यात शेवटचं. वाकळ घेऊन, लेकरं घेऊन. कोणी म्हणायची, "गरम होऊन राह्यलं वं बाई घरात." कोणी म्हणायची, "पोरगं निजत नाई." तमाशा ऐकायला आले, असं एकीनंही म्हटलं नाही.

मग हलगी कडाडायची, ढोलकी घुमायची आणि धाब्यावर चिडीचूप.

आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. ते झालं की आजी हात जोडायची. मग गवळण. दूध-दही घेऊन गवळणी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, वाटेत कृष्ण आणि त्याचा पेंद्या त्यांना अडवणार, कर मागणार, आणि गवळणींची मावशी त्यांच्याशी भांडणार. ही मावशी म्हणजे बहुतेक वेळा लुगडं नेसलेला पुरुष. तिचं एकेक फटकारणं ऐकून धाब्यावरच्या बायांना हसू आवरायचं नाही. आठवडी बाजारात माळवं घेऊन बसणाऱ्या त्या बाया. जागेसाठी कोण अडवतं, फुकटात कोण उचलून नेतं, सगळं त्यांना ठाऊक. मावशी जे कृष्णाला ऐकवायची, ते यांना कोणाला तरी ऐकवायचंच होतं.

त्यानंतर लावण्या, सवाल-जवाब, सोंगाड्याची बतावणी, आणि मध्यरात्रीनंतर वग. वग म्हणजे कथानक, नाटकासारखं, पहाटेपर्यंत चालणारं. सोंगाड्या राजाला वेड्यात काढायचा, सावकाराची टोपी उडवायचा. खाली तंबूत पुरुष मोठ्यानं हसायचे, आणि त्यांच्यामागून धाब्यावर आमच्या आज्या हसायच्या, पदराच्या आडून.

त्या रात्री एका बाईचा आवाज मला फार आवडला. किनरा नव्हता, भरदार होता. वगात ती राणी झाली होती. राजानं हाकलून दिलेली. ती दरबारात उभी राहून जाब विचारत होती आणि आमच्या धाब्यावर एक बाई हुंदके देत होती. तिला नवऱ्यानं टाकली होती आणि ती माहेरी भावाकडं राहायची. तिला गप्प कर, असं कोणी म्हटलं नाही. आजीनं नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजीसोबत नदीवर गेले. फडातल्या तीन-चार बाया धुणं धूत होत्या. गावातल्या बाया वरच्या अंगाला, त्या खालच्या अंगाला. एक जण दगडावर बसून पाय पाण्यात सोडून होती, मांडीवर लहान लेकरू. ती बोलली, आणि मी आवाज ओळखला. रात्रीची राणी. साधं विटकं पातळ, चेहऱ्यावर रंगाचा ओघळ, आणि घोट्याजवळ चाळाच्या पट्ट्यांनी सोललेली कातडी.

आजी थांबली. म्हणाली, "पाय तं पाय वं माय, जखमाच झाल्या तुह्या पायाले."

ती हसली. "रोजचंच हाय मावशी. आज रातीला पुन्हा हायेच की."

"लेकरू कोणाचं?"

"माझंच. सा महिन्याचं हाय."

"मंग राती कुठी होतं थे?"

"कापडाच्या पेटीत निजवलं व्हतं. रडलं की ढोलकीवाला हात वाढवतो. लोकांना कळत न्हाय."

आजी घरी आली. दोन भाकरी, ठेचा, खोबरेल तेलाची वाटी आणि पाण्याचा तांब्या घेऊन परत गेली. शेजारणी म्हणाल्या, "कायले जाता तिच्याजवळ?" आजी म्हणाली, "बाळंतीण हाय थे."

मैत्रिणींनो, इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. माझी आजी किती मोठ्या मनाची होती, हे सांगायला सांगितली आहे. राहिलेली अर्धी अशी. आजीनं भाकरी दिली ती वरून, हाताला हात न लागता. पाणी पाजलं ते तिच्या ओंजळीत, उंचावरून. तेल तिच्या तळहातावर ओतलं, वाटी दिली नाही. आणि ती बाईही न सांगताच ओंजळ पुढं करून वाकली, कारण तिला सवय होती. रात्री जिच्या आवाजानं आमचं धाबं रडलं, तिच्या ओठाला आमचा तांब्या लागू दिला नाही.

मी हे का गाळत आले? आजीची लाज वाटली म्हणून. पण गाळलं तर त्या बाईवर पुन्हा एकदा अन्याय होतो, असं आता वाटतं.

ती बाई कोण होती, नाव काय, मला सांगता येत नाही. पण तिच्यासारख्या ज्यांची नावं इतिहासात राहिली, त्यांच्याकडं पाहिलं की तीही समजते.

पेशवाईच्या काळापासून तमाशा रंगला, पण बराच काळ त्यात बाईचं काम पुरुषच करायचे. लुगडं नेसून नाचणाऱ्या पोराला नाच्या म्हणत. पुढं बाया बोर्डावर आल्या. त्यांत पहिलं गाजलेलं नाव पवळा हिवरगावकर यांचं. त्या संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या. पठ्ठे बापूराव (१८६६ ते १९४५) यांच्या फडात त्या गायच्या, नाचायच्या. बापूराव मूळचे कुलकर्णी, ब्राह्मण. पवळा महार समाजातल्या. बापूरावांनी घरदार, वतन सोडून तमाशा धरला, म्हणून त्यांच्या त्यागाच्या गोष्टी पुष्कळ सांगतात. पवळाबाईंच्या घुंगरांवर तो फड उभा होता, हे त्यामानानं कमी सांगतात. तमाशा जिवंत ठेवला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतल्या कलावंतांनी. गावानं त्यांची कला घेतली आणि त्यांना वेशीबाहेर ठेवलं. आजीच्या हातातला तांब्या उंच का गेला, त्याचं कारण हे आहे.

त्याच काळात मोठ्या शहरांत बालगंधर्व (१८८८ ते १९६७) स्त्री-भूमिका करत होते. ते पुरुष. त्यांच्यासारखं पातळ नेसायला, त्यांच्यासारखे केस बांधायला चांगल्या घरच्या बाया शिकल्या. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. बालगंधर्व थोर होते, त्यात शंका नाही. पण बाईचं सोंग घेणाऱ्या पुरुषाला मान आणि बाई म्हणून उभ्या राहणाऱ्या बाईला 'नाचणारी', हा हिशेब आपण कधी मांडून पाहिला नाही.

आता विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट ऐका. त्यांचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा, म्हणून नाव विठा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड होता. लहानपणापासून त्या बोर्डावर. पुढं तमाशासम्राज्ञी म्हणून महाराष्ट्रभर नाव झालं. त्यांचा एक प्रसंग सगळे सांगतात. नऊ महिने भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली, आणि पुन्हा बोर्डावर आल्या. मघाचं पोट आता नाही, हे प्रेक्षकांच्या ध्यानात आलं, तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितलं.

हा प्रसंग सांगताना लोक म्हणतात, केवढी तिची कलेवरची निष्ठा. मी बाई आहे, मला दुसरंही दिसतं. ती परत का गेली? कारण फडात पन्नास-शंभर पोटं असतात. खेळ मोडला तर बिदागी बुडते, आणि बिदागी बुडाली तर उचल फिटत नाही.

उचल हा शब्द आपल्याला नवा नाही. लोणार, सिंदखेडराजा या भागातल्या किती घरांतली माणसं ऊसतोडीला जातात आणि निघायच्या आधी मुकादमाकडून उचल घेतात. फडातही तसंच आहे. दसऱ्यापासून चैत्र-वैशाखापर्यंतचा हंगाम. पावसाळ्यात फड बंद. त्या बंद महिन्यांत कलावंत मालकाकडून उचल घेतो. मालक तंबू, गाड्या, पोशाख, आणि हीच उचल वाटायला सावकाराकडून कर्ज काढतो. पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव ही तमाशाची पंढरी मानतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे पंच येऊन सुपारी ठरवतात. चार यात्रा चांगल्या गेल्या तर कर्ज फिटतं. एक अवकाळी पाऊस आला, एक दुष्काळ पडला, की तंबू सावकाराच्या दारात. आपण बचत गट काढला तो याच फासातून मान सोडवायला. फडातल्या बाईला असा गट मिळाला नाही. ती आज इथं, उद्या तिथं. बैठक भरवायची कुठं आणि वही ठेवायची कोणाकडं?

तरी या बाया नुसत्या नाचल्या नाहीत, त्यांनी फड चालवले. विठाबाईंचा स्वतःचा फड होता. त्यांच्या लेकीनं, मंगला बनसोडे यांनीही फड उभा केला. कांताबाई सातारकर (१९३९ ते २०२१) तर पुरुषांच्या भूमिकांसाठी गाजल्या. त्या छत्रपती शिवाजी महाराज व्हायच्या. तुकाराम खेडकर वारल्यावर त्यांनी लेकरांना घेऊन स्वतःचा फड काढला. शंभर माणसांचा पगार, जेवण, गाड्या, परवाने, भांडणं, आजारपणं हे सगळं बाईनं सांभाळायचं, तेही ज्या काळात गावात बाईला दुकानावर एकटी जायची मुभा नव्हती. आज उद्योजक महिला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. या त्या आधीच्या.

दिवस पालटले. टुरिंग टॉकीज आली, तीही तंबूतच. १९५९ सालचा 'सांगत्ये ऐका' आणि १९७२ सालचा 'पिंजरा' हे तमाशातल्या बायांवरचेच सिनेमे. ते पाहायला बाया गेल्या, मीही आजीसोबत गेले. मधे कनात, एकीकडं बाया, एकीकडं पुरुष. पांढऱ्या कापडावरची तमासगीर बाई चालली, फळ्यांवरची चालली नाही. नंतर टीव्ही आला, ऑर्केस्ट्रा आला, डीजे आला. वग मागं पडला, लोक नुसती गाणी मागायला लागले. २०२० आणि २०२१ ही दोन सालं कोरोनानं यात्राच भरल्या नाहीत. फड जागच्या जागी बसले. त्याच साथीत मे २०२१ मध्ये कांताबाई गेल्या.

विठाबाई त्याआधीच, १५ जानेवारी २००२ रोजी गेल्या. जिला राष्ट्रपतींच्या हातून मान मिळाला, तिच्या दवाखान्याच्या खर्चासाठी शेवटी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले. पुढं २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. मरणानंतर मान देणं आपल्याला बरं जमतं. जिवंतपणी तांब्या हातात देणं जड जातं.

आजी गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात एकदा मी तिला नदीवरची ती गोष्ट आठवून विचारली. वाटलं होतं, विसरली असेल. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तांब्या द्याले पाह्यजे होता वं तिच्या हाती. राती तं तिनंच रडवलं होतं आमाले." एवढंच. पण तीस वर्षं तिच्याही मनात तो तांब्या अडकून होता, हे मला त्या दिवशी कळलं.

मैत्रिणींनो, या रेडिओवर तुम्ही मला पाहत नाही, फक्त ऐकता. आपल्या आज्यांनी त्या बायांना असंच ऐकलं. चेहरा नाही, नाव नाही, नुसता आवाज. माझं एक मागणं आहे. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं जास्त बसा. गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, "तमाशा कुठून ऐकला? धाब्यावरून, कनातीच्या फटीतून, की चुलीपाशी बसून? कोणती बाई आठवते? आपल्या गावातून कोणी फडात गेली होती का? तिचं पुढं काय झालं?" ती आधी हसेल, तोंडाला पदर लावेल. थांबा थोडं. मग बोलेल. जे बोलेल ते गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. आणि नदीवर, विहिरीवर तिला कोणी पाणी कसं पाजलं, हेही विचारा. तेही लिहा, गाळू नका.

आणि यंदा तुमच्या यात्रेत एखादा फड आला, तर धाब्यावर चढू नका. तिकीट काढा, पुढं जाऊन बसा. खेळ संपला की राहुटीकडं जा, पाण्याचा तांब्या न्या, आणि तो तिच्या हातात द्या.